जेराल्ड अंजियर

जेराल्ड अंजियर (जन्म : इ.स. १६४० च्या सुमारास, मृत्यू : सुरत, ३० जून १६७७) हा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत वखारीचा अध्यक्ष आणि मुंबई बेटावर कंपनीतर्फे कारभार पाहणारा दुसरा गव्हर्नर होता. जुलै १६६९ पासून मृत्यूपर्यंत ही दोन्ही पदे त्याच्याकडे होती. मुंबईतील जमिनीच्या तंट्याची तडजोड, इंग्रजी पद्धतीचे पहिले न्यायालय, कंपनीची टांकसाळ, बेटाच्या रक्षणासाठी रहिवाशांची फौज आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना दिलेली आश्वासने ही त्याच्या कारकिर्दीतील प्रमुख कामे होत. इंग्रजी ग्रंथकार त्याला बहुधा मुंबईचा संस्थापक म्हणतात. हे बिरुद जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू आणि पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली कुटुंबे त्याच्या आगमनापूर्वीच या बेटांवर नांदत होती. मात्र विरळ वस्तीच्या या बेटांना व्यापारी शहराचे वळण त्याच्या काळात लागले, हे खरे आहे.

अंजियरचे घराणे त्याच्या आधी दोन पिढ्या आयर्लंडमध्ये इंग्रजी वसाहत करण्याच्या कामात गुंतलेले होते. परक्या भूमीत सत्ता रुजवताना जमिनीचा प्रश्न कसा पेट घेतो, याचा अनुभव या कुटुंबाच्या गाठीशी होता. मुंबईतील त्याचे निर्णय समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी उपयोगी पडते.

(या लेखातील इंग्रजी कागदपत्रांवर आधारलेल्या तारखा त्या काळी इंग्लंडमध्ये चालू असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत.)

घराणे

जेराल्डचा आजा सर फ्रान्सिस अंजियर (१५५८–१६३२) हा लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत तयार झालेला कायदेपंडित होता. त्याने डग्लस फिट्झजेराल्ड हिच्याशी विवाह केला. ती आयर्लंडमधील किल्डेअर या बलाढ्य सरदार घराण्यातील होती आणि चौदावा अर्ल जेराल्ड हा तिचा भाऊ. पुढे अंजियर कुटुंबात जेराल्ड हे नाव पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले ते या आजोळाकडून. या सोयरिकीमुळे फ्रान्सिसला आयर्लंडची वाट मोकळी झाली. १६०९ मध्ये तो डब्लिन येथे मास्टर ऑफ द रोल्स या पदावर रुजू झाला. सरकारी दप्तराची राखण आणि न्यायदान ही दोन्ही कामे या पदाकडे असत. मृत्यूपर्यंत म्हणजे तेवीस वर्षे तो त्या जागेवर राहिला. १६२१ मध्ये त्याला लाँगफर्डचा बॅरन अंजियर हा किताब मिळाला.

हा काळ आयर्लंडमधील वसाहतीकरण योजनांचा होता. या योजनांची रीत अशी असे : प्रथम एखाद्या परगण्यातील मूळ आयरिश कुळांच्या जमिनींवरील हक्काचा पुरावा इंग्रजी कायद्याच्या कसोटीवर तपासायचा; वहिवाट पिढ्यांची असली तरी राजाची सनद नाही म्हणून तो हक्क अपुरा ठरवायचा; सारी जमीन राजाच्या मालकीची झाली असे जाहीर करायचे; आणि मग तिचा काही हिस्सा नव्या अटींवर जुन्या धन्यांना परत करून उरलेला इंग्रज व स्कॉटिश वसाहतवाल्यांना वाटायचा. मध्य आयर्लंडमधील लाँगफर्ड परगणा ओ'फॅरेल कुळाचा. तेथे १६१९ च्या सुमारास झालेल्या योजनेत चतुर्थांश जमीन नव्या लोकांसाठी काढून घेण्याचे ठरले होते. सर फ्रान्सिस या व्यवहारांच्या कायदेशीर बाजूचा जाणकार होता आणि लाभधारकही होता. किताबाला लाँगफर्डचे नाव जोडले गेले ते तेथील जमिनींमुळेच. डब्लिनमध्ये शहराच्या तटाबाहेर व्हाइटफ्रायर्स या कार्मेल पंथीय संन्याशांच्या मठाची जागा होती. आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडले गेले. पुढे ती जागाही अंजियर घराण्याकडे आली.

सर फ्रान्सिसचा थोरला मुलगा जेराल्ड हा दुसरा बॅरन झाला. त्याला संतती नव्हती. धाकट्यांपैकी अँब्रोज हा धर्मोपदेशक होता आणि डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये चान्सलर या पदावर होता. त्याची पत्नी ग्रिझेल ही डब्लिनचा प्रोटेस्टंट आर्चबिशप लान्सेलट बल्कली याची कन्या. या दांपत्याच्या मुलांमध्ये फ्रान्सिस, अँब्रोज आणि आपला चरित्रनायक जेराल्ड हे तीन भाऊ व अ‍ॅलिस ही बहीण यांची नावे पुढील इतिहासात येतात. बापाकडून कायदा आणि जमीन, आईकडून चर्च, अशी राज्यकर्त्या वर्गाची दोन्ही अंगे या मुलांना जन्मतः लाभली होती.

१६४१ मध्ये आयर्लंडमध्ये मोठा उठाव झाला. जमिनी गमावलेल्या आयरिश कुळांचा रोष त्यात उफाळून आला आणि लाँगफर्डमधील वसाहतीही त्याच्या तडाख्यातून सुटल्या नाहीत. त्यानंतरची दहा-बारा वर्षे युद्ध, दुष्काळ आणि क्रॉमवेलच्या सैन्याची मोहीम यांत गेली. जेराल्डचे बालपण याच धामधुमीत गेले. हिसकावून घेतलेली जमीन कधी ना कधी सूड उगवते, हा धडा त्या पिढीतील वसाहतवाल्यांनी पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

१६५५ मध्ये काका वारल्यावर थोरला भाऊ फ्रान्सिस तिसरा बॅरन झाला. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि या कुटुंबाला पुन्हा चांगले दिवस आले. फ्रान्सिसने डब्लिनमधील मठाच्या जागेवर नव्या वस्तीची आखणी केली. तिच्या मधोमध काढलेला रस्ता सत्तर फूट रुंद असून त्या वेळच्या डब्लिनमध्ये तो सर्वांत रुंद मानला जाई. अंजियर स्ट्रीट हे त्याचे नाव आजही कायम आहे. आयरिश कवी टॉमस मूर याचा जन्म १७७९ मध्ये याच रस्त्यावरील एका घरात झाला. थोरला भाऊ डब्लिनमध्ये भूखंड पाडीत असतानाच धाकटा भाऊ मुंबईत शहर वसवण्याच्या खटपटीत होता.

इंग्रजी वारसापद्धतीत किताब आणि जमीन थोरल्याकडे जात असल्याने धाकट्यांना सैन्य, चर्च, वकिली किंवा व्यापार यांपैकी एखादी वाट धरावी लागे. जेराल्डने व्यापाराची वाट धरली.

सुरतेची वखार

अंजियर १६६२ मध्ये सर जॉर्ज ऑक्झेंडनबरोबर सुरतेस आला. सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर आणि कंपनीच्या पश्चिम हिंदुस्थानातील व्यापाराचे मुख्य ठाणे होते. मक्केस जाणारे यात्रेकरू येथूनच गलबतावर चढत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली. मोगल सुभेदार किल्ल्यात दडून बसला, तर ऑक्झेंडनने वखारीचे दरवाजे बंद करून आतील माल राखला. या प्रसंगातून कंपनीच्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट पुरती कळून चुकली : मोगलांच्या शहरात, मोगलांच्या भरवशावर व्यापार करणे धोक्याचे आहे. तटबंदी, तोफा आणि स्वतःचे बंदर हवे, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली.

असे बंदर त्याच सुमारास इंग्लंडच्या राजाच्या हाती आलेले होते. २३ जून १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या विवाहात मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाले होते. वसई आणि गोवा येथील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा देण्यास होता होईल तो टाळाटाळ केली. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला. राजाला मात्र हे बेट खर्चाचे वाटू लागले. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते वार्षिक दहा पौंड खंडावर कंपनीला दिले आणि २३ सप्टेंबर १६६८ रोजी कंपनीने कारभार हाती घेतला. सर जॉर्ज ऑक्झेंडन गव्हर्नर झाला. पण १४ जुलै १६६९ रोजी तो सुरतेस वारला. त्याच्या जागी अंजियर आला. त्याचे वय तेव्हा तिशीच्या आसपास होते.

जानेवारी १६७० मध्ये तो प्रथम मुंबईस आला आणि सुमारे महिनाभर राहिला. बेटाचे मुंबई व माहीम असे दोन न्यायविभाग पाडणे, कायद्याचा मसुदा लोकांसमोर वाचून दाखवणे, सैनिकांच्या शिस्तीचे नियम लावणे ही कामे त्याने या मुक्कामात उरकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली. अंजियर त्या वेळी कंपनीच्या मालासह सुवाळीच्या बंदरात होता. सुरतेतील वखार स्ट्रेन्शॅम मास्टर याने थोड्या खलाशांच्या बळावर सांभाळली. सुरत सोडून मुंबईला मुख्य ठाणे करावे, हा अंजियरचा आग्रह यानंतर अधिकच वाढला. जून १६७२ मध्ये तो मुंबईस आला तो सप्टेंबर १६७५ पर्यंत तेथेच राहिला.

जमिनीचा तंटा

अंजियरपुढे मुंबईत उभा असलेला सर्वांत अवघड प्रश्न जमिनीचा होता. मुंबई हा पोर्तुगीजांच्या वसई प्रांताचा भाग होता. वसईच्या कोटात उत्तर प्रांताचा सेनापती राही. वसई, गोखिवरे, सोपारे या बाजूची गावे, साष्टी बेट आणि मुंबईची बेटे यांतील जमीन पोर्तुगालच्या राजाने आपल्या सरदारांना, सैनिकांना आणि धार्मिक संस्थांना ठराविक सारा व लष्करी चाकरीच्या अटीवर दिलेली होती. या जमीनधारकांना फजेंदार म्हणत. हा शब्द मुंबईच्या जमिनीच्या कागदपत्रांत फजेंदारी जमीन या रूपाने आजपर्यंत टिकून आहे. मुंबईचे मुख्य फजेंदारपण दोन्या इनेस दे मिरांदा या विधवेकडे होते. कुकने ताबा घेतला तो तिच्याच वाड्यात. माझगावची मालकी आल्वारो पिरेस दे तावोरा याच्याकडे होती. वांद्र्याच्या जेजुइटांचाही बेटातील काही जमिनींवर दावा होता.

अंजियरपूर्वीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी यांतील बऱ्याच जमिनी या ना त्या सबबीखाली सरकारजमा केल्या होत्या. कुठे कागद नाहीत म्हणून, कुठे मालकाने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलण्याची धमकी दिली म्हणून. गव्हर्नर सर जर्वेस लुकास याने तर जेजुइटांची मालमत्ता जप्त झाल्याचे जाहीर केले होते. हा मार्ग सर फ्रान्सिस अंजियरच्या काळातील आयर्लंडपेक्षा फारसा वेगळा नव्हता : सनद दाखव, नाहीतर जमीन राजाची. नातवाने मात्र तो मार्ग सोडून दिला. त्याचे मन आजाहून कोमल होते असे समजण्याचे कारण नाही. तो व्यवहारी होता. दलदलीच्या, रोगट हवेच्या या बेटावर इंग्रज शेतकरी आणून वसवणे अशक्य होते. कंपनीने विवाहासाठी इंग्लंडहून स्त्रिया पाठवण्याचाही प्रयोग करून पाहिला, पण त्यातून इंग्रजांची वसाहत उभी राहिली नाही. येणारे इंग्रज ज्वर आणि अतिसाराने झपाट्याने मरत. तेव्हा जे लोक आहेत त्यांनाच धरून ठेवणे आणि आसपासच्या मुलखातून आणखी बोलावणे एवढाच उपाय उरत होता. ज्यांच्या डोक्यावर जप्तीची टांगती तलवार आहे असे लोक तेथे थांबणार नव्हते.

नोव्हेंबर १६७२ मध्ये अंजियरने जमीनधारकांशी करार केला. तो अंजियरचा करारनामा या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील मुख्य कलमे थोडक्यात अशी. बेटातील जमीनधारकांनी मिळून कंपनीला दरवर्षी २०,००० झेराफिन द्यावेत. जुना सारा यातच धरावा. त्याच्या मोबदल्यात कंपनीने जमिनींवरील आपला दावा सोडावा आणि जप्त केलेल्या जमिनी, काही अपवाद वगळता, परत कराव्यात. किल्ल्याच्या व शहराच्या बांधकामासाठी लागेल ती जागा घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला. माझगाव या करारातून बाहेर राहिले. जमीनधारकांनी बेटाच्या रक्षणासाठी माणसे द्यावीत, हेही ठरले. पुढे १६७४ मध्ये या कराराची पुन्हा पुष्टी झाली. मुंबईतील जमीनमालकीच्या अनेक वादांत पुढील दोन शतके या कराराचा आधार घेतला जात असे.

या कराराची स्तुती करताना त्याची एक मर्यादा सहसा सांगितली जात नाही. करार कंपनी आणि फजेंदार यांच्यातला होता. ज्यांच्या हातांनी भातशेती होत होती आणि ज्यांच्या घामातून ते वीस हजार झेराफिन उभे राहणार होते, ते कुणबी त्यात पक्षकार नव्हते. पोर्तुगीजांच्या काळात ते जमिनीबरोबरच धन्याच्या ताब्यात असल्यासारखे वागवले जात आणि करारामुळे त्यांचा धनी बदलला नाही. लाँगफर्डमध्येही तडजोडी होत त्या जमिनीवर नाव असणाऱ्यांशी, नांगर धरणाऱ्यांशी नव्हेत.

न्यायालय, पंचायती आणि नवे रहिवासी

१ ऑगस्ट १६७२ पासून बेटावर पोर्तुगीज कायद्याऐवजी इंग्रजी कायदा लागू झाला. ८ ऑगस्ट रोजी मिरवणुकीने नव्या न्यायालयाचे उद्घाटन झाले आणि जॉर्ज विल्कॉक्स हा न्यायाधीश झाला. कंपनीच्या नोकरांत व्यापारी हिशेब जाणणारे पुष्कळ होते. कायदा जाणणारे विरळा. विल्कॉक्स त्यांपैकी एक होता. या शिवाय प्रत्येक समाजाने आपापली पंचायत नेमून घरगुती व जातीचे वाद आपसांत मिटवावेत, अशी सोय अंजियरने केली. पंचायत ही येथील जुनीच संस्था; अंजियरने तिला सरकारी मान्यता दिली आणि तिच्यामार्फत वस्तीशी बोलणी करण्याचा मार्ग मोकळा करून घेतला.

टांकसाळीत अँग्लिना हे चांदीचे, कॉपरून हे तांब्याचे आणि टिनी हे कथलाचे नाणे पाडले जाऊ लागले. ही नावे पुढे टिकली नाहीत. रुपयानेच बाजी मारली.

व्यापाऱ्यांना बोलावण्यासाठी अंजियरने धर्माच्या बाबतीत हस्तक्षेप न करण्याचे धोरण ठेवले. शेजारच्या वसई-साष्टीत याच्या उलट परिस्थिती होती. पोर्तुगीज मुलखात हिंदूंच्या उघड धर्मविधींना बंदी होती आणि पोरक्या मुलांना ख्रिस्ती करण्याचा कायदा होता. त्यामुळे मुंबईतील मोकळीक लोकांच्या नजरेत भरत होती. सुरतेच्या महाजनांनी मुंबईत येण्याबद्दल विचारणा केली तेव्हा त्यांच्या अटींचा विचार झाला. दीवचा व्यापारी निमा पारख याच्याशी मार्च १६७७ मध्ये झालेल्या करारात त्याच्या वाड्याच्या आवारात ख्रिस्ती किंवा मुसलमानाने राहू नये, तेथे प्राणिहत्या करू नये आणि त्याच्या लोकांना आपल्या रिवाजाप्रमाणे प्रेतदहन करता यावे, अशी कलमे होती. पारशी समाजाला मलबार टेकडीवर दख्म्यासाठी जागा मिळाली तीही याच दशकात. आर्मेनियन व्यापारी आणि गुजरात व चौलकडील विणकरही येऊ लागले. इंग्रज सत्तेने पुढे येथील समाजजीवनात जी ढवळाढवळ केली ती पाहता हे धोरण उदार वाटते. परंतु त्यामागे जकातीच्या उत्पन्नाची चिंता होती, हेही विसरता येत नाही. डॉक्टर जॉन फ्रायर याने १६७० च्या दशकात बेटाची लोकसंख्या ६०,००० सांगितली आहे. ताबा मिळाला तेव्हा ती १०,००० च्या घरात धरली जाते. दोन्ही आकडे अंदाजाचे आहेत, पण वाढ मोठी होती यात शंका नाही.

इंग्रजांसाठी चर्च बांधण्याचा संकल्पही त्याचाच. काम रेंगाळले आणि सेंट टॉमस चर्च प्रत्यक्षात १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले.

डच, वसईकर पोर्तुगीज आणि मराठे

फेब्रुवारी १६७३ मध्ये डच सेनापती रिक्लॉफ व्हान गुन्स मोठे आरमार घेऊन मुंबईवर चालून आला. इंग्लंड आणि हॉलंड यांचे युद्ध चालू होते. मुंबईचा कोट अपुरा होता व गोरे शिपाई मोजके. अंजियरने रहिवाशांची फौज उभी केली. तीत जमीनधारकांनी दिलेली माणसे होती आणि सोटे घेतलेले तीनशेच्या आसपास भंडारीही होते. तयारी पाहून डच आरमार लढाई न करताच निघून गेले. १६७४ मध्ये तह झाल्याने हा धोका टळला. त्याच वर्षी मात्र कंपनीच्या स्वतःच्या सैनिकांनीच पगार आणि महागाईच्या तक्रारीवरून बंड केले. अंजियरने त्यांच्या काही मागण्या मान्य केल्या. पण फेक नावाच्या कॉर्पोरलला गोळी घालून मारण्याची शिक्षा अमलात आणली आणि कॅप्टन शॅक्स्टन याच्यावर ठपका ठेवला.

वसईशी त्याचे संबंध कधीच सुरळीत नव्हते. मुंबईला तांदूळ, भाजी, सरपण, इमारती लाकूड आणि दगड या सर्वांसाठी साष्टी आणि वसईच्या किनाऱ्यावर अवलंबून राहावे लागे. कल्याणकडे जाणाऱ्या होड्या ठाणे आणि कारंजा (उरण) येथील पोर्तुगीज नाक्यांवरून जात आणि तेथे त्यांना जकात द्यावी लागे. मुंबईच्या दर्यात आपले जहाज आणि खाडीत पोर्तुगीजांचा नाका, अशी ही अडचण होती. या काळात वसईची सत्ताही खिळखिळी होऊ लागली होती. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईच्या तटाबाहेरील चर्चे लुटली. कोटातील शिबंदी बाहेर आली नाही. त्याच वर्षी मोरोपंत पिंगळे यांनी कल्याणास ठाण मांडून वसई प्रांताच्या चौथाईची मागणी केली. बंदराची समृद्धी मुंबईकडे सरकण्यास हा काळ कारणीभूत झाला.

मराठ्यांशी व्यवहार करताना अंजियरला दोन दगडांवर पाय ठेवावे लागत. जंजिऱ्याचा सिद्दी हा औरंगजेबाचा आरमारी सरदार. पावसाळ्यात आपली गलबते मुंबईच्या बंदरात ठेवण्याचा त्याचा हट्ट असे. त्याला नकार दिला तर सुरतेच्या वखारीवर बालंट येणार. होकार दिला तर शिवाजी महाराजांचा रोष, आणि मुंबईचे धान्य व लाकूड त्यांच्या मुलखातून येणारे. महाराजांच्या वकिलांकडून तोफा व दारूगोळ्याची मागणी होई, तीही अंजियर शक्य तितकी टोलवीत राही. १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली होती आणि तेथील इंग्रज कैद झाले होते, त्याच्या भरपाईचा दावाही लोंबकळत होता. त्यासाठी १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक व १६७३ मध्ये टॉमस निकल्स रायगडावर जाऊन आले.

मे १६७४ मध्ये अंजियरने आपल्या माजी वरिष्ठाचा पुतण्या हेन्री ऑक्झेंडन याला रायगडी पाठवले. नारायण शेणवी हा दुभाषी सोबत होता. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक या वकिलाने प्रत्यक्ष पाहिला. त्याच्या वृत्तान्तामुळे त्या सोहळ्याचे समकालीन परकीय वर्णन आपल्याला उपलब्ध झाले आहे. तहाची बहुतेक कलमे मान्य झाली. राजापूरच्या भरपाईपोटी १०,००० होन ठरले. ते सारे रोखीने मिळणार नव्हते, काही मालाच्या व जकातीच्या सवलतीच्या रूपाने वळते व्हायचे होते. ज्याने मुंबईत एका झटक्यात जमीनधारकांकडून वीस हजार झेराफिनांची हमी मिळवली, त्या अंजियरला रायगडाकडून वसुलीसाठी मात्र तेरा वर्षांच्या जुन्या दाव्यावर अशी आडवळणाची तडजोड पत्करावी लागली.

अखेर

लंडनच्या संचालकांना अंजियरच्या योजना महागड्या वाटत. तटबंदी, खंदक, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनी भरून काढणे, यांपैकी कशालाही ते सढळ हाताने पैसे देत नसत. शिवाय खर्चाबद्दल त्याची कानउघाडणीही करीत. सप्टेंबर १६७५ मध्ये तो सुरतेस परतला तेव्हा त्याची प्रकृती ढासळलेली होती. ३० जून १६७७ रोजी सुरतेतच त्याचा मृत्यू झाला. टॉमस रोल्ट त्याच्या जागी आला. संचालकांची काटकसर तशीच चालू राहिली आणि तिच्यातून १६८३ मध्ये कॅप्टन केग्विनचे बंड झाले. सुरतेहून मुंबईला मुख्य ठाणे हलवण्याची अंजियरची सूचना अमलात आली ती १६८७ मध्ये. वसई पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली.

जेराल्ड वारला त्याच वर्षाच्या अखेरीस डब्लिनमधील त्याचा भाऊ फ्रान्सिस लाँगफर्डचा अर्ल झाला. तो १७०० मध्ये वारला. त्यानंतर अर्लपद दुसरा भाऊ अँब्रोज याच्याकडे गेले आणि १७०५ मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर अंजियरांची पुरुषशाखा व किताब दोन्ही संपुष्टात आली. मालमत्ता बहीण अ‍ॅलिस हिच्या वंशाकडे वळली. ती सर जेम्स कफ याला दिलेली होती. तिच्या नातवाची, म्हणजे मायकेल कफची, मुलगी एलिझाबेथ ही टॉमस पॅकनहॅमची पत्नी. लाँगफर्डचा किताब या पॅकनहॅम घराण्यासाठी नव्याने निर्माण करण्यात आला. एलिझाबेथची नात कॅथरिन पॅकनहॅम हिचा विवाह १८०६ मध्ये डब्लिन येथे आर्थर वेलस्लीशी झाला. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर बसवणारा आणि १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या सैन्याचा पराभव करणारा सेनापती तो हाच.